नानांच्या गाडीचं मूळ इंजिन

समस्त नाशिककरांस, तसेच दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदारांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेली एकतीस वर्षे प्रलंबित असलेला एक सूड गंगापूर रोडवरील एका लॉन्सवर, भर दुपारी, परीक्षकांच्या साक्षीने घेण्यात आला आहे. सूड घेणारी व्यक्ती बावन्न वर्षांची असून तिच्या हाती शस्त्र म्हणून तारेचा ब्रश व एक लिटर थिनर होते. जीवितहानी नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी.

ती व्यक्ती म्हणजे मी. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. रोज शंभरदा सांगते, कानस घाईनं मारायची नाही, शांतपणे मारायची. सुडाचंही तसंच असतं हे मला उशिरा कळलं, पण कळल्यावर मी ते फार मन लावून केलं.

आता गाडीबद्दल. ती कुठल्याही कंपनीची नव्हती. तिचा सांगाडा देवळालीच्या लष्करी लिलावातला. बॉडी मालेगावच्या एका पत्राकारागिरानं हातानं ठोकलेली. गिअरबॉक्स एका टेम्पोचा, स्टिअरिंग कुठल्याशा टॅक्सीचं आणि मागची सीट बंद पडलेल्या टॉकीजच्या बाल्कनीतून उचललेली. इंजिन होतं अपघातात चेपलेल्या एका परदेशी मोटारीचं. चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, तेही मालेगावच्या भंगारबाजारातलं. या सगळ्या अनाथांना एकत्र आणून त्यांचं एक कुटुंब केलं ते माझ्या वडिलांनी. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. सहा दिवस कारखान्याचे आणि रविवार त्या गाडीचा, असं दोन वर्षं चाललं.

गाडी बनवून घेणारे दिंडोरीकडचे एक मोठे बागायतदार होते. सगळा तालुका त्यांना नाना म्हणायचा, मीही इथे तेवढंच म्हणते. नानांना चारचौघांत नसेल अशी गाडी हवी होती, आणि तशीच मिळाली. जोडणी केलेलं वाहन म्हणून तिची आरटीओत रीतसर नोंद झाली. आरसी बुकात इंजिनाचा नंबर लिहिला गेला. पहिल्या फेरीला नानांनी बाबांना पुढं शेजारी बसवलं होतं. मागच्या सीटवर मी आणि आई. टॉकीजची सीट असल्यामुळे मला सारखं वाटत होतं की आता दिवे जातील.

पुढं सहा-सात वर्षांनी क्लच गेला म्हणून गाडी आठ दिवस बाबांकडे होती. ती दुरुस्त होऊन परत गेली. महिन्याभरानं नानांनी विमा बदलायचं ठरवलं, तेव्हा तपासायला आलेल्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिनावरचा नंबर वाचला, आरसी बुकातला नंबर वाचला आणि मान हलवली. नंबर जुळत नव्हते.

नाना त्याच संध्याकाळी आमच्या कॉलनीत आले. नळाला पाणी यायची वेळ होती, म्हणजे सगळी कॉलनी बाहेर. बाबा हंडा भरत होते.

"मिस्त्री," नाना जीपमधून न उतरताच म्हणाले, "माझं असली इंजिन काढून घेतलंस व्हय? अन् हे भंगार बसवून दिलंस?"

बाबांनी नळ बंद केला. "गाडी घेऊन या, नाना. दाखवतो."

"आता दाखवायचं काय राहिलंय? कागद बोलतोय."

"गाडी घेऊन या," बाबा पुन्हा म्हणाले.

गाडी आली नाही. नाना मोठे माणूस, पोलिसात गेले नाहीत. ते नुसते सगळीकडे सांगत गेले. कॉलनीतल्या गणेश मंडळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली कित्येक वर्षं आमच्या घरी खिळ्याला असायची. त्या वर्षी मंडळाचे दोघं आले, चहा प्यायले आणि "तुम्हाला उगाच त्रास नको, काका" म्हणून किल्ली घेऊन गेले. बाबांनी ती स्वतः खिळ्यावरून काढून दिली. त्यानंतर त्यांनी कोणाच्या इंजिनाला हात लावला नाही. शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडला तरी म्हणायचे, दुकानात न्या. निवृत्त झाल्यावर त्यांची हत्यारं, म्हणजे पाने, पुलर, गेज, सगळं त्यांनी माझ्या वर्कशॉपला देऊन टाकलं. मी त्यावर नंबर टाकून रजिस्टरला चढवलं. तेव्हा वाटलं होतं की ते थकले असतील.

मागच्या वर्षी माझ्या भाचीनं मला एक व्हिडिओ पाठवला. शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथं नाना माईकवर होते. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढं, पण आवाज तसाच. मागं ती गाडी, नवा लाल रंग दिलेली.

"हिचं असली इंजिन एका मिस्त्रीनं लांबवलं," नाना सांगत होते. "लय विश्वासाचा माणूस व्हता. पण जाऊ द्या. आम्ही त्याला माफ केलं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चोर म्हटलेलं मी तीस वर्षं गिळलं होतं. हे माफ करणं मात्र घशाखाली उतरेना. मी व्हिडिओ अकरा वेळा बघितला. अकराव्यांदा मी वहीत लिहिलं, 'नाना'. खाली रेघ मारली. पुढं काय लिहायचं ते सुचलं नाही, पण रेघ फार छान, सरळ आली होती.

देव असतो. निदान आमच्या प्राचार्यांच्या रूपानं तरी असतो. यंदा प्रदर्शनवाल्यांनी गाड्यांचे दोन गट केले होते, एक मूळ इंजिन शाबूत असलेल्यांचा आणि दुसरा इंजिन बदललेल्यांचा. त्यावरून भांडणं नकोत म्हणून प्रत्येक गाडीचं इंजिन त्रयस्थ जाणकारानं ओळखून द्यावं, असं पत्र त्यांनी आयटीआयला पाठवलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, रविवार जाईल तुमचा. बघा, जमतंय का."

मी चेहरा पाडून म्हटलं, "बघते सर, घरी विचारून."

लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. नानांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या. मला कोणी ओळखणार नव्हतं. गाड्यांची यादी आली, त्यात नानांच्या नावापुढं त्यांनी स्वतःच 'इंजिन बदललेले' असं भरलं होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'चोरीमुळे'.

मग मी अटी पाठवल्या. टाईप करून, आयटीआयच्या पद्धतीनं. मालकाने स्वतः हजर राहावे. मूळ आरसी बुक आणावे. तपासणी सर्वांसमक्ष, उघड्यावर होईल. चौदा गाड्यांना सारख्याच अटी होत्या, त्यामुळे त्यात कोणाला काही खोट दिसली नाही. तारेचा ब्रश मात्र मी नवा विकत घेतला. वर्कशॉपमध्ये वीस होते, पण अशा कामाला जुना वापरवेना.

इथपर्यंत मी मजेत होते. आदल्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मजा संपली. बाबांनी इंजिन खरोखरच बदललं असेल तर?

मी फिटर आहे. नंबर जुळत नव्हते हे खरं होतं. गाडी आठ दिवस त्यांच्याकडे होती हेही खरं होतं. आणि बाबांनी या सगळ्या वर्षांत "गाडी घेऊन या" याशिवाय एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तपासणी मीच करणार, सही माझीच होणार. खोटं लिहून द्यायची तयारी नव्हती. खरं निघालं तर ते बाबांच्या नावावर माझ्याच हातानं कायमचं लागणार होतं. त्यांचं वय ब्याऐंशी. ते पुसायला पुन्हा कोणी वर्षं देणार नव्हतं.

हल्ली ते माझ्याकडेच राहतात. एका दुपारी ते जेवत होते. मी ताक वाढता वाढता, जणू सहजच, विचारलं, "बाबा, नानांच्या गाडीचं इंजिन बदललं होतं का हो तुम्ही?"

त्यांनी भात कालवायचा थांबवला. माझ्याकडे बघितलं. "तू पण?" म्हणाले.

उठले, ताट उचललं, स्वतः घासलं आणि पालथं घातलं. मी रविवारी काय करणार आहे ते मी भराभर सांगितलं, कुठं, किती वाजता, कोण असणार. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. पुढचे चार दिवस आमचं बोलणं दूध आणि औषधं यापुरतंच झालं.

रविवारी लॉन्सवर सनई सोडून सगळं लग्नासारखंच होतं. मांडव, खुर्च्यांना पांढरे झगे, कोपऱ्यात मिसळीचा स्टॉल. गाड्या एका रांगेत उभ्या आणि पुढं दोरी बांधलेली. परीक्षक म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते. ते कागदपत्रं धरायचे, मी इंजिन बघायचे. तेरा गाड्या मी नीट, मुकाट्यानं तपासल्या. चौदावी नानांची. क्रम मीच लावला होता.

नाना पांढरेशुभ्र कपडे घालून उभे होते. माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, तुमचं काम सोपं केलंय मी. असली इंजिन हिच्यात न्हाईच. तुम्ही फक्त टिकमार्क करा."

"नोंदीसाठी हकिकत लागेल, नाना," मी म्हटलं. "माईकवर सांगता? म्हणजे सगळ्यांना एकदाच कळेल."

माईक म्हटल्यावर नाना नाही म्हणणार नव्हते. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. गेल्या वर्षीपेक्षा गोष्ट वाढली होती. आता मिस्त्री मुंबईच्या व्यापाऱ्याला सामील होता आणि इंजिन एका टोपलीभर द्राक्षांखाली लपवून नेलं होतं. चार सिलिंडरचं इंजिन, टोपलीत. मी मान डोलवत सगळं लिहून घेतलं. "माफ केलं" आलं तेव्हा त्याखालीही रेघ मारली.

मग बॉनेट उघडलं. आत चांदीच चांदी. ब्लॉक, हेड, नळ्या, सगळ्यांना चंदेरी रंग, जाड, थरावर थर.

"हा बघा नंबर," नानांनी ब्लॉकच्या कडेला बोट ठेवलं. "अन् हे आरसी बुक. जुळतंय का?"

परीक्षकांनी दोन्ही वाचले. "नाही जुळत."

लोक दोरीपाशी गोळा झाले होते. मी वाकले. नंबर बघितला, बोटानं चाचपला. तो नंबर उठावाचा होता. म्हणजे आकडे लोखंडातून वर आल्यासारखे, जाडजूड. असा नंबर इंजिनाचा नसतोच, तो साच्याचा असतो. त्या साच्यात ओतलेल्या हजारो ब्लॉकवर तोच असणार. इंजिनाचा स्वतःचा नंबर पंचानं ठोकून आत खोदलेला असतो, आणि त्यासाठी बोटभर रुंदीची एक सपाट, मशिन केलेली जागा असते. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात शिकवते. विम्याच्या माणसाला ते माहीत नव्हतं आणि नानांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं.

आता ती सपाट जागा शोधायची. मी उजव्या बाजूनं हात फिरवत गेले. डायनॅमोच्या वर बोटं अडली. तिथं शेंदराचा गोळा होता. तेलात कालवलेला, दगडासारखा वाळलेला, गावाच्या वेशीवरच्या देवावर असतो तसा. त्याच्यावर चांदी, त्याच्यावर पुन्हा शेंदूर, सगळ्यांत वर यंदाचं ताजं स्वस्तिक.

"हा शेंदूर कोण लावतं, नाना?"

"मीच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. गाडी घेतल्यापासून एक साल चुकलो न्हाई. आधी रंग, मग शेंदूर. दुसऱ्या कोणाला हात लावू देत न्हाई."

"पहिल्यापासून याच जागी?"

"याच जागी. बाकी सगळं वाकडंतिकडं हाय, एवढीच जागा सपाट हाय स्वस्तिक काढायला."

"तसं लिहून सही देता?"

नानांनी झोकात सही दिली.

मी ब्रश हातात घेतला. खरं सांगते, तो मला चालवता येईना. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते चार बोटांवर होतं, आणि मला त्या थराखाली काय निघेल याची भीती वाटत होती. तेवढ्यात नानांनीच मला वाचवलं.

"थांबा मॅडम. शेंदूर खरवडायचा? देवाचं हाय ते."

"मग तुम्हीच काढा," मी ब्रश पुढं केला. "तुमच्या हातचं आहे. तुम्ही काढलेलं चालेल देवाला."

लोक बघत होते. नानांनी इंजिनाला नमस्कार केला, बाह्या सारल्या आणि थिनर ओतून घासायला लागले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शेंदूर सुटायचा, खाली चांदी निघायची, चांदीखाली पुन्हा शेंदूर. एकेक दसरा विरघळून खाली ठिबकत होता. नानांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. कोणीतरी खुर्ची आणली, मी ती मागं सरकवायला लावली. "उभं राहूनच नीट दिसतं, नाना."

शेवटी लोखंड उघडं पडलं. गुळगुळीत, करडं. त्यावर खोदलेले आकडे.

"वाचा," मी म्हटलं.

"सात," नाना म्हणाले. परीक्षकांनी आरसी बुकावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "चार." मान. "चार. एक." मान हलतच होती. पाचव्या आकड्याला नानांचा आवाज एकदम खाली गेला.

"मोठ्यानं, नाना. नोंदीसाठी."

"नऊ," नाना म्हणाले. मग त्यांनी शेवटचा आकडा बोटानं पुन्हा एकदा पुसून बघितला. "दोन."

"जुळला," परीक्षक म्हणाले. "संपूर्ण जुळला. हे मूळ इंजिन आहे. पहिल्या दिवसापासून हेच आहे."

दोरीपाशी कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, मग टोपलीत काय नेलं होतं? मला हसू आलं नाही. मी नोंदवहीत 'मूळ इंजिन' असं लिहिलं, दोनदा गिरवलं आणि सही केली. त्या सहीमुळे नानांची गाडी मूळ इंजिनाच्या गटात गेली. तिथं समोर तीन अशा देखण्या परदेशी गाड्या होत्या की नानांचं बक्षीस त्याच क्षणी गेलं. बदललेल्यांच्या गटात पहिली ढाल त्यांचीच होती, सगळे तसं म्हणत होते. हे मी ठरवलं नव्हतं. पण मिळालं ते मी परत केलं नाही.

आता मी कोण ते सांगायची वेळ होती. ते वाक्य मी महिनाभर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. त्यात तीन ठिकाणी थांबायचं होतं. मी माईककडे हात नेला, तर नाना माझ्याकडे बघतच नव्हते. ते दोरीच्या पलीकडे बघत होते.

तिथं बाबा उभे होते. सिटी बसनं आलेले, हातात प्रदर्शनाचं तिकीट. अंगात कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट, जो ते फक्त मतदानाला घालतात. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते नानांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. उघड्या बॉनेटच्या आत, त्या चार बोटं उघड्या लोखंडाकडे बघत होते.

नाना दोरीपर्यंत चालत गेले. लोक बाजूला झाले. "मिस्त्री," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, बाबांचे हात धरायला, की गळाभेट घ्यायला, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. डोळे भरलेले. मलाही क्षणभर, फक्त क्षणभर, वाईट वाटलं. सगळं लॉन्स दोरीपाशी सरकलं. एवढ्या वर्षांनी बाबा काय बोलतात ते ऐकायला मीही श्वास धरला.

बाबा एक पाऊल मागं सरकले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

"आधी हात धुऊन या, नाना. इस्त्रीचा शर्ट आहे माझा."